मराठी मालिका आणि आपलं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली पंचवीस वर्षं मी मराठी मालिका पाहते आहे. त्यातली बरीच वर्षं आईच्या शेजारी बसून पाहिल्या. आता ती मिरजेत आणि मी पुण्यात, त्यामुळे साडेआठचा भाग संपला की नऊच्या आत तिचा फोन येतो. मालिकांवर लिहू-बोलू लागल्यापासून लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांवर मला खरोखरच पुष्कळ बोलायचं आहे.

मालिकेत दाखवतात तसं कुणाच्या घरात असतं का हो?

नसतं. मधोमध जिना असलेला दिवाणखाना, सकाळी सातला जरीकाठाची साडी, तीन भावांचं एकत्र कुटुंब आणि त्यात कधीच न संपणारा गॅस सिलिंडर, असं घर माझ्या पाहण्यात नाही. मालिकेत नळाला पाणी येण्याची वेळ नसते, दूध नासत नाही, घरभाड्याचा करार संपत नाही.

पण त्या दिवाणखान्यात जे भांडण चालतं ते मात्र मी ओळखते. कामावरून आलेल्या सुनेनं आधी चहा घ्यायचा की आधी कणीक मळायची? सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेचे पैसे कोणत्या भावानं द्यायचे? मुलीचं लग्न ठरवताना आईला विचारायचं की फक्त सांगायचं? पन्नाशीच्या बाईनं गाणं शिकायला जावं का? ही भांडणं आपल्या घरांत रोज होतात, फक्त आवाज खालचा असतो. घर खोटं आणि घरातला वाद खरा, असं मालिकांचं आहे. म्हणून त्यांत आपलं जगणं शोधायचं तर सेटकडे पाहू नका. घरात कोणाचं चालतं आणि कोणाचं चालेनासं झालं आहे, ते पाहा. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच मुद्द्याकडे येणार आहे.

मराठी माणसाचं रोजचं जगणं टीव्हीवर पहिल्यांदा कधी दिसलं?

दिल्लीत दूरदर्शन १९५९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालं. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. प्रसारण संध्याकाळी काही तासच असे. चाळीत एखाद्याकडेच संच असायचा आणि दारात चपलांचा ढीग पडायचा. ‘आमची माती आमची माणसं’मध्ये शेतकरी दिसला, ‘गजरा’मध्ये छोट्या प्रहसनांतून मध्यमवर्गीय घर दिसलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. तोवर नाटकातली पात्रं पाहायला आपण घराबाहेर पडायचो, आता एक कारकून आपल्या घरात येऊन स्वतःच्या घरची फजिती दाखवू लागला.

पुढे २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली, आणि तेच प्रभावळकर आता घरातले आबा होते, रोज डायरी लिहिणारे. मुलगा, सून, दोन नातवंडं, बेताचा फ्लॅट. मला ही जोडी फार मोलाची वाटते. एकच नट एका पिढीला घरचा गोंधळलेला कर्ता पुरुष म्हणून दिसला आणि पुढच्या पिढीला निवृत्त आजोबा म्हणून. चिमणरावाभोवती सगळं घर फिरायचं. आबा कडेच्या खुर्चीत बसून घराकडे पाहतात. मराठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची जागा या काळात कशी सरकली ते मला कुठल्याही अहवालापेक्षा या दोन मालिका शेजारी ठेवल्या की अधिक नीट कळतं.

दूरदर्शनच्या काळातल्या मालिका चांगल्या आणि आताच्या वाईट, हे खरं ना?

अर्धं खरं. तेरा भागांची मालिका आठवड्यातून एकदा येत असे. लेखकाला वेळ मिळे, शेवट आधीच ठाऊक असे. ‘गोट्या’ किंवा ‘एक शून्य शून्य’ आठवल्या की अजून बरं वाटतं. पण त्या काळच्या पडद्यावर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचं शिकलेलं, पांढरपेशा घरच दिसायचं, आणि भाषाही त्याच घराची. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या बाईला ‘पूर्वीचं सगळं चांगलं होतं’ असं वाटत असेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारते. लिखाण तेव्हा जास्त घोटीव होतं, माणसं मात्र कमी प्रकारची होती.

रोजची मालिका आली आणि नेमकं काय बदललं?

मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून ‘दामिनी’चं नाव घेतात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ती दूरदर्शनवर आली. प्रतीक्षा लोणकर यांची पत्रकार दामिनी. दुपारी जेवणं उरकल्यावर, भांडी घासायच्या आधी, बायका तिच्यासाठी बसत. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा टीव्ही मराठी सुरू झालं, पुढे त्याचंच झी मराठी झालं. २००० मध्ये ई टीव्ही मराठी आलं, ते २०१५ पासून कलर्स मराठी. २००८ मध्ये स्टार प्रवाह, २०१८ मध्ये सोनी मराठी.

आठवड्यातून एकदा भेटतो तो पाहुणा. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी येतो तो घरचा. दैनंदिन मालिकेनं पात्रांना घरचं केलं. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी माझ्या आईची मैत्रीण असल्यासारखी होती. सुकन्या कुलकर्णी यांनी रंगवलेली ही प्राध्यापक बाई, नवऱ्याचं बाहेर प्रकरण, दोन मुली. मला लख्ख आठवतं, आमच्या वाड्यातल्या बायका नळावर सुधाबद्दल बोलत. नवऱ्यानं दुसरीकडे संसार मांडल्यावर बाईनं काय करावं, हे त्या मालिकेतल्या बाईचं नाव घेऊन बोलत होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या घरी हेच चाललं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं नाव न घेता तिच्याबद्दल बोलायची सोय त्या मालिकेनं करून दिली. मालिकेचं समाजातलं खरं काम मला त्या नळावर समजलं.

मग त्या इतक्या ताणतात का? एका थपडेला पाच जणांचे चेहरे तीन-तीनदा कशाला?

तीन कारणं आहेत.

एक, गणित. अर्ध्या तासाच्या जागेत जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग धरले तर महिन्याला पंचवीस-सव्वीस. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. इतक्या लांबीची गोष्ट कोणाच्याही डोक्यात आधीपासून तयार नसते. हातात आधीच चित्रित केलेल्या पुरेशा भागांची ‘बँक’ नसली की आज लिहिलेलं उद्या चित्रित होतं आणि परवा दिसतं.

दुसरं, टीआरपी. बार्क ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत यंत्रं बसवून कोण काय पाहतं ते मोजते. दर गुरुवारी आकडे येतात आणि त्यांवर एखादा ‘ट्रॅक’, म्हणजे उपकथानक, वाढतो, एखादा गुंडाळला जातो, एखाद्या पात्राला परदेशी पाठवतात.

तिसरं कारण लोक विसरतात, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मालिका बघतात त्याहून जास्त ऐकतात. आई स्वयंपाकघरात असते, टीव्ही बाहेरच्या खोलीत. फोडणीच्या चरचरीत एक वाक्य बुडतं, म्हणून तेच वाक्य दुसरं पात्र पुन्हा बोलतं. ढणढण संगीत वाजलं की ती हातात झारा घेऊन दारापर्यंत येते, आणि पाच जणांचे चेहरे फिरून होईतो तिला काय झालं ते कळलेलं असतं. शांतपणे सोफ्यावर बसून पाहणाऱ्याला हे असह्य वाटतं, आणि मी त्याला दोष देत नाही. पण बाईला सलग अर्धा तास बसायला मिळत नाही, ही वस्तुस्थिती मालिकेच्या घडणीतच उतरली आहे.

मालिकेत सण बरोबर आपल्याच दिवशी कसे येतात?

ठरवून. चित्रीकरण आठवडा-दोन आठवडे आधी होतं. संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, श्रावणात मंगळागौर, भाद्रपदात गणपती, मधेच वटपौर्णिमा. त्या दिवशी सगळं कुटुंब एकत्र असतं, म्हणून मोठा उलगडा त्याच आठवड्यात ठेवतात, कधी तासाभराचा ‘महाएपिसोड’ करतात.

याचा उलटा परिणामही झाला आहे. मंगळागौरीचे खेळ शहरात जवळजवळ बंद पडले होते. आता सभागृह घेऊन, ढोलकीवाला बोलावून, एकरंगी नऊवारीत खेळ होतात. त्यात मालिकांचा वाटा मोठा आहे असं माझं निरीक्षण आहे. वटपौर्णिमेबद्दल मात्र मला वाईट वाटतं. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची नायिकाही वडाला फेऱ्या मारताना दाखवतात, आणि घरात हा विषय निघाला की मुलींना तेच उदाहरण ऐकावं लागतं.

कपडे, दागिने, मंगळसूत्रं : ही फॅशन मालिकेतून बाजारात येते की बाजारातून मालिकेत?

दोन्हीकडून. पण मंगळसूत्रांच्या बाबतीत मालिका स्पष्टपणे पुढे आहेत. २०१३ ला ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाल्यावर सराफाकडे ‘जान्हवीचं मंगळसूत्र’ मागायला बायका जात. पुढे प्रत्येक गाजलेल्या नायिकेचं मंगळसूत्र तिच्या नावानं विकलं गेलं, सोन्यातही आणि खोट्यातही. मालिकांमधला रोजचा भरजरी थाट मला पटत नाही. त्यानं साध्या सुती साडीतली गृहिणी पडद्यावरून जवळपास नाहीशी केली.

आमच्याकडची भाषा मालिकेत धड येत का नाही?

हा प्रश्न मला कोल्हापूर, सिंधुदुर्ग, नागपूर, जळगाव, सगळीकडे विचारला गेला आहे आणि प्रत्येक वेळी त्यात दुखावलेपण होतं.

२०१६ हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचं. ‘रात्रीस खेळ चाले’ मालवणी घेऊन आली, ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली राधिका नागपूरकडची बोली घेऊन आली, आणि ‘तुझ्यात जीव रंगला’त कोल्हापूरचा राणा ‘चालतंय की’ म्हणत आला. पुढच्या वर्षी ‘लागिरं झालं जी’मध्ये सातारी बोली आणि फौजेत जायची ओढ. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे घराघरांतून पोरं पहाटे भरतीसाठी पळतात. ते पळणं मराठी पडद्यावर आलं याचा मला फार आनंद झाला.

त्याआधी ग्रामीण बोलणारं पात्र म्हणजे गडी, मोलकरीण किंवा विनोदाची सोय. बोली नायक-नायिकेच्या तोंडी आली हा मोठा बदल. राधिका सुशिक्षित नवऱ्याला गावंढळ वाटते आणि त्याच बोलीत बोलत ती मसाल्यांचा धंदा उभा करते. ‘तू असं काय बोलतेस’ हे ऐकून घेतलेल्या किती सुना महाराष्ट्रात आहेत याची कल्पना आपल्याला त्या मालिकेनं दिली.

तरीही तक्रार रास्त आहे. पडद्यावरच्या बोलीला एक ठरीव चाल असते. मालवणी माणूस ओळखतो की हे मालवणी थोडं पुण्याच्या वाटेनं आलं आहे. कारण स्पष्ट आहे. शब्द सर्वांना कळायला हवेत आणि कलाकार बहुधा बाहेरचा असतो. स्थानिक नाट्यमंडळींतले नट ज्या मालिकेत भरपूर घेतले, तिथे भाषा खरी वाटली. अहिराणी मात्र मुख्य वाहिन्यांवर नायक-नायिकेच्या तोंडी मला क्वचितच ऐकू आली आहे. खानदेशातली माणसं हे मला सांगतात तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं.

मालिकेतली वाक्यं आपल्या तोंडात कशी बसतात?

वाक्य लहान हवं, पुन्हापुन्हा यायला हवं, आणि रोजच्या बोलण्यात अडकेल अशी त्याला खाच हवी. जान्हवीचं ‘काहीही हं श्री’ हे उत्तम उदाहरण. ‘काहीही हं’ आपण आधीपासून म्हणतच होतो. मालिकेनं त्याला फक्त एक नाव जोडलं आणि मग ज्याचं नाव श्री नाही त्यालाही लोक तेच म्हणू लागले. ‘होम मिनिस्टर’मुळे आदेश बांदेकर सगळ्या महाराष्ट्राचे ‘भावोजी’ झाले. ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक आणि शेवंता तर मोबाइलवर विनोदी चित्रांतून इतके फिरले की मालिका कधीच न पाहिलेली कॉलेजची मुलंही त्यांना ओळखतात. आमच्या शेजारच्या काकू सूनबाईवर रागावल्या की ‘देवमाणूस’मधल्या सरू आजीच्या म्हणी वापरतात. त्या म्हणी त्यांना लहानपणापासून येत होत्या. मधल्या चाळीस वर्षांत, शहरात आल्यामुळे, त्या वापरायची त्यांना लाज वाटत होती.

मालिका समाज बदलतात का?

यावर आपल्या देशात एक मोठा प्रयोगच झाला आहे. ७ जुलै १९८४ ला दूरदर्शनवर हिंदीत ‘हम लोग’ सुरू झाली. मेक्सिकोत कौटुंबिक मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार होत होता, तिथून ती कल्पना आली. मनोहर श्याम जोशींनी लिहिली, आणि भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. सुरुवातीच्या काही भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश उघड होता. लोकांना तो रुचला नाही, म्हणून तो कमी करून गोष्टीवर भर दिला आणि मालिका गाजली.

त्यातली आई भागवंती सगळं सोसणारी. असं वागू नये हे दाखवायला तिला तसं लिहिलं होतं. पण नंतर अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी, त्यांत बायकाही होत्या, तिलाच आदर्श म्हणून निवडलं. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या लेखकाला सांगते. सोसणारी बाई पडद्यावर आली की प्रेक्षक तिच्या बाजूला जातो, आणि तिचं सोसणंही पुण्य वाटू लागतं.

याच्या उलट जाणाराही एक पुरावा आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळातला ग्रामीण भारताचा अभ्यास केला, त्यात गोव्यातली गावंही होती. ज्या गावांत केबल आली तिथे नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, आणि घरातल्या निर्णयांत बायकांचा सहभाग वाढला, असं त्यांना आढळलं. हा सासू-सुनांच्या मालिकांचा ऐन भराचा काळ! मला वाटतं, त्या मालिकांनी काय शिकवलं याला फारसं महत्त्व नव्हतं. दुसऱ्या घरात बाई बोलते, बाहेर जाते, स्वतःच्या हातानं पैसे खर्च करते, एवढं दिसणंच पुष्कळ होतं.

मराठीत अलीकडची दोन उदाहरणं मी मानते. ‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ मध्ये आली. सून पुढाकार घेऊन विधवा सासूचं लग्न लावून देते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘आई कुठे काय करते’ सुरू झाली आणि जवळजवळ पाच वर्षं चालली. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अरुंधती घटस्फोट घेते, गाण्याकडे वळते, पुन्हा लग्न करते. तिच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी माझी आई आठवडाभर नाराज होती. नंतर एके दिवशी तिनं फोनवर विचारलं, ‘तुझ्या बाबांनी मला माहेरी बाजाची पेटी घेऊन जाऊ दिली नव्हती, तुला सांगितलं होतं का मी?’ सांगितलं नव्हतं. पेटीबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण ही कथा बंगालीवरून घेतलेली ना? मग ती आपली कशी?

हो, ती ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवरून आली आणि तीच कथा हिंदीत ‘अनुपमा’ झाली. अशी देवाणघेवाण आता नेहमीची आहे. सांगाडा तोच राहतो, मांस इथलं चढवावं लागतं. डब्यात काय भरते, देवासमोर काय म्हणते, नणंद तिला ‘वहिनी’ कोणत्या सुरात म्हणते, ‘अहो’ कधी सुटतं आणि थेट नावानं हाक कधी येते. शेवटची गोष्ट फार बारकाईनं पाहण्यासारखी आहे. मराठी घरात बाई नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचं थांबवते तो क्षण बंगालीतून उचलता येत नाही. तो इथल्या लेखकालाच लिहावा लागतो.

‘होम मिनिस्टर’सारख्या कार्यक्रमांचा या विषयाशी काय संबंध?

सर्वांत जास्त संबंध त्यांचाच. ‘होम मिनिस्टर’ २००४ मध्ये सुरू झाला आणि २०२२ पर्यंत चालला. घर सेटवरचं नव्हतं. खऱ्या माणसांच्या खऱ्या घरात कॅमेरा जायचा. दहा बाय बाराची खोली, शोकेसमध्ये मुलाच्या शाळेतली ढाल, भिंतीवर साईबाबा किंवा बाबासाहेब, कोपऱ्यात शिलाई मशीन, फ्रीजवर प्लास्टिकची फुलं, दारात वाकून पाहणारे शेजारी. भावोजी नवऱ्याला विचारणार, बायकोच्या आवडीची भाजी कोणती, आणि त्याला सांगता यायचं नाही. सगळे हसायचे. ती बाईही हसायची, क्षणभर उशिरा. शेवटी पैठणी.

अठरा वर्षं महाराष्ट्रातल्या साध्या घरांच्या आतलं इतकं चित्रण दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमानं केलं असेल असं मला वाटत नाही. मालिकांच्या दिवाणखान्यातून जे गाळलं गेलं ते सगळं तिथे होतं. उद्या कोणाला या काळातल्या मराठी संसाराचा इतिहास लिहायचा असेल तर हे भाग जपून ठेवलेले असायला हवेत.

‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’च्या २००८-०९ च्या पर्वानं वेगळंच काही केलं. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली आणि वारकरी घरातलं गाणं शहरी दिवाणखान्यात मानानं बसलं. २०२४ ला ‘बिग बॉस मराठी’ बारामतीकडच्या खेड्यातून आलेल्या, मोबाइलवरच्या रीळांमधून लोकांपर्यंत पोचलेल्या सूरज चव्हाणनं जिंकलं. या दोन निकालांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर आहे आणि तेवढ्यात कीर्ती मिळवायची वाटच बदलली. टीव्हीनं माणूस घडवायचा आणि मग तो गावोगाव पोचायचा, असं आधी होतं. आता माणूस आधीच पोचलेला असतो आणि टीव्ही त्याला बोलावून घेतो.

मालिकेत कोण दिसत नाही?

भाडेकरू. कंत्राटी कामगार. कर्जानं जेरीला आलेलं पण रोज हसतं-खेळतंही असलेलं शेतकरी घर. मुसलमान शेजारी, सणाच्या एका प्रसंगापलीकडे. अपंग माणूस, चमत्कारानं बरा न होणारा. दलित कुटुंब आलं तर चरित्रमालिकेतच येतं. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ ही २०१९-२० ची मालिका माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत सगळे मिळून पाहत. पण आजच्या काळातलं, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईचं, मुलाच्या दहावीच्या काळजीचं साधं दलित घर नायिकेचं घर म्हणून मला मुख्य वेळेत दिसलेलं नाही. मालिकेतल्या कुटुंबांची आडनावं एका कागदावर लिहून काढा. कागद भरायच्या आतच तुमच्या लक्षात येईल.

कामही दिसत नाही. नायक ‘ऑफिस’मध्ये असतो, तिथे नेमकं काय करतो ते कळत नाही. लोकल तर जवळजवळ नाहीच, कारण परवानगी, पैसे आणि गर्दी तिन्ही आड येतात. आणि मालिकेतली माणसं संध्याकाळी मालिका पाहत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मालिकेमुळे एखाद्या गावावर काय परिणाम होतो?

सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ‘रात्रीस खेळ चाले’चं घर आणि कोल्हापूरजवळच्या वसगडेतला राणाचा वाडा पाहायला गाड्या भरून माणसं जात. चहाच्या टपऱ्या चालल्या, तरुणांना छोटी कामं मिळाली. दुसऱ्या बाजूनं, भुताखेतांमुळे कोकणाची अंधश्रद्ध अशी ओळख होते हा आक्षेपही सिंधुदुर्गातून आला, आणि तो मला रास्त वाटतो. जिथे साक्षरता आणि दशावतार दोन्ही शेजारी नांदतात त्या प्रदेशाची गोष्ट फक्त भुतापाशी थांबली तर तिथल्या माणसाला वाईट वाटणारच.

करोनाच्या काळात मालिकांत काय दिसलं?

मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं आणि जुने भाग लागले. जुलैत नवे भाग आले तेव्हा आजी-आजोबाच गायब होते, कारण पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयानं ती मनाई रद्द केली. तोवर पडद्यावरची आजी ‘गावाला गेलेली’ असायची किंवा फोनवर दिसायची. तेव्हा आपल्याही घरातल्या म्हाताऱ्या फोनवरच दिसत होत्या. २०२१ च्या टाळेबंदीत बरीच चित्रीकरणं गोव्यात गेली आणि मे महिन्यात तिथूनही परतावं लागलं.

पुरुष मालिका पाहत नाहीत, खरं का?

पाहतात. पेपर समोर धरून पाहतात.

परदेशातली मराठी माणसं या मालिका का पाहतात?

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिची मुलं मराठी ऐकतात ती आजीच्या फोनवर आणि या मालिकांत. तिची तक्रार अशी, की मुलीला ‘कारस्थान’ हा शब्द येतो, ‘विळी’ येत नाही. ऍपवर तिला भाग आमच्या आधी पाहायला मिळतो, म्हणून ती आईला पुढचं सांगून टाकते आणि आई चिडते.

लहान मुलांनी पाहाव्यात का?

एकट्यानं नको. तुमच्या शेजारी बसून पाहत असतील तर मधेच विचारा, ‘ही खोटं बोलली, आता हिनं काय करायला हवं होतं?’ माझ्या भाचीची उत्तरं पटकथेपेक्षा बरी असतात.

मालिका पाहायच्याच असतील तर नेमकं काय पाहावं?

मी तीन गोष्टी पाहते. जेवायला कोण आधी बसतं. पैशाचा निर्णय कोण आणि कोणत्या खोलीत घेतं. आणि बाई रडायला कुठे जाते. ‘आभाळमाया’च्या काळात नायिका देवघरात जायची, पुढे स्वयंपाकघरात, मग गच्चीवर. परवाच्या एका भागात ती स्कूटर काढून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेला थांबून रडली. मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘हेल्मेट घातलं होतं का गं तिनं?’ घातलं होतं.